अकरा आठवड्यांचा नवरा

२०१४ च्या जूनमध्ये, एका शनिवारी सकाळी, माझ्या नवऱ्यानं दोन बॅगा गाडीत टाकल्या, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ऑकलंडमधल्या माउंट रॉस्किलच्या आमच्या भाड्याच्या घरातून तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, हेन्डरसनला राहायला गेला. तिथं कुणाच्या तरी घरात त्यानं एक खोली घेतली होती. दुसरी बाई नव्हती, दारू नव्हती, मारहाण नव्हती. "मला इथं गुदमरतं," एवढंच त्याचं म्हणणं. गुदमरतं म्हणे! त्या घराच्या खिडक्या अशा होत्या की हिवाळ्यात वारा अडवता अडवता माझा जीव जायचा.

पुण्याची चांगली नोकरी सोडून तीन वर्षांपूर्वी मी याच्यामागून ऑकलंडला आले होते. मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. याची आयटीतली नोकरी, मग रेसिडेन्सी, मग गाडी, सगळं कसं शिस्तीत झालं, आणि मोडलं तेही शिस्तीतच. मी रडले नाही असं नाही. पण मुलगी शाळेत गेल्यावर, मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना रडायचे.

जाण्याआधी आम्ही दोघांनी एक गोष्ट मात्र अगदी एकमतानं ठरवली. लग्नाच्या सात वर्षांत इतकं एकमत कधी झालं नव्हतं. ठरवलं की कुणाला कळू द्यायचं नाही.

वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. पुण्यात आई आणि धाकटी बहीण. बहिणीचं लग्न जमत आलं होतं. पत्रिका जुळली होती, मुलाकडचे घर बघून गेले होते, देण्याघेण्याची बोलणी तेवढी उरली होती. अशा वेळी थोरलीला नवऱ्यानं टाकलं अशी बातमी गेली असती, तर त्या लोकांनी काय केलं असतं हे मला कुणी शिकवायला नको. "हिचं लग्न होईपर्यंत," मी म्हटलं. "चालेल," तो म्हणाला. त्याच्या घरी सांगायची त्याचीही छाती नव्हतीच. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपल्यात म्हणतात ना, ती आम्ही दोघांनी मिळून झाकली.

लग्न झालं. मग म्हटलं, तिचं सासरी जरा बस्तान बसू दे. मग तिला दिवस गेले, तेव्हा म्हटलं, बाळंतपण सुखरूप होऊ दे. सांगायला योग्य वेळ अशी कधी येतच नाही. इथल्या मराठी ओळखींना मी सांगायचे, "त्याचं प्रोजेक्ट वेलिंग्टनला आहे, वीकेंडला येतो." आणि रविवारी तो खरंच यायचा, मुलीला पार्कात न्यायला. दारात गाडी दिसायची. लोकांना तेवढं पुरतं.

घराचा भाडेकरार त्याच्या नावावर होता. तो बदलायचा म्हणजे घरमालकाला कारण सांगणं आलं. घरमालक आपल्याकडचाच, आणि त्याची बायको सँडरिंगहॅमच्या किराणा दुकानात भेटली की पाऊण तास सोडत नाही. तेव्हा करार तसाच राहिला. विजेचं बिल त्याच्या नावावर, ते तसंच. बँकेत दोघांचं जॉइंट खातं, तेही तसंच. अर्धं भाडं आणि मुलीचा खर्च तो त्याच खात्यात टाकायचा. मुलीच्या खर्चासाठी सरकारी मार्गानं अर्ज करता आला असता, पण म्हटलं कशाला, घरातली गोष्ट घरात मिटतेय. केवढी ती अक्कल माझी!

मी एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर होते. तो गेला त्याच महिन्यात तिथले एक डॉक्टर सोडून गेले आणि माझे कामाचे तास जवळजवळ निम्म्यावर आले. इथला तो जून-जुलैचा हिवाळा आठवला की अजून अंगावर काटा येतो. हीटर फक्त मुलीच्या खोलीत लावायचे. शाळेच्या स्विमिंगसाठी तिचे टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, मी शाळेतल्याच जुन्या कपड्यांच्या पेटीतून उचलले आणि घरी येऊन म्हटलं, बघ, नवीन आणले. तिनं उलटसुलट करून बघितले.

तेव्हा दवाखान्यातल्या एकीनं मला विचारलं की तू टॅक्स क्रेडिट घेत नाहीस का. या देशात मूल असलं आणि मिळकत कमी असली की टॅक्स ऑफिसच दर आठवड्याला तुमच्या खात्यात पैसे घालतं. मी फॉर्म आणला. त्यात विचारलं होतं, जोडीदार आहे का. मी लिहिलं, नाही, वेगळे राहतो. कधीपासून? तारीखही बरोबर लिहिली. आईला, बहिणीला, इथल्या मराठी मंडळातल्या बायकांना, घरमालकिणीला, झाडून सगळ्यांना मी खोटं सांगत होते. अख्ख्या जगात एका टॅक्स ऑफिसला तेवढं खरं सांगितलं होतं. आठवड्याला दीडशेच्या आसपास डॉलर येऊ लागले आणि आमचा किराणा आणि बस त्यात भागायला लागलं.

मग आईचा फोन आला. "धाकटीचं लग्न झालं बाई एकदाचं. आता तुझा संसार बघायला येते."

नको म्हणायला तोंड कुठून आणायचं? तिच्या व्हिसासाठी आमंत्रणाचं पत्र लागायचं. ते मीच लिहिलं, दवाखान्यातल्या प्रिंटरवर छापलं. "माझे पती आणि मी या पत्त्यावर एकत्र राहतो, आणि आईच्या मुक्कामाचा सगळा खर्च आम्ही दोघं करू." खाली दोघांच्या सह्या. त्याला सही करायला हेन्डरसनच्या मॉलमध्ये बोलावलं होतं. पेन देत मी म्हटलं, "तुला राहायला यावं लागेल. अकरा आठवडे."

"अकरा?"

"परतीचं तिकीट काढून झालंय तिचं. माझ्यासाठी नको करूस. तिच्यासाठी कर."

"बरं," तो म्हणाला. हे त्याच्या बाजूनं मी सांगेन, की त्यानं खळखळ केली नाही. मुलीला मात्र मी समोर बसवून सांगितलं, आजीला बोलायचं नाही की बाबा दुसरीकडे राहतात. सहा वर्षांची होती. मराठी सगळं कळायचं तिला, उत्तर मात्र इंग्रजीत. "सो इट्स लाइक अ स्लीपओव्हर?" हो म्हटलं, मोठा स्लीपओव्हर. माझ्या हातून आयुष्यात ज्या चुका झाल्या त्यांत या एकीबद्दल मी स्वतःला कधी माफ करणार नाही.

आई २०१५ च्या ऑगस्टमध्ये आली. घरात दोन खोल्या. एकीत आई आणि मुलगी, दुसरीत आम्ही. मी पलंगावर, तो खाली गादीवर. सकाळी आई आंघोळीला गेली की तो गादी गुंडाळून कपाटात कोंबायचा आणि मी दार लावून घ्यायचे. आईसमोर आम्ही एकमेकांना चहा विचारायचो, आज उशीर होईल का विचारायचो. ती जावईबापूंना आग्रह करकरून वाढायची, आणि तोही निमूट खायचा. कधीकधी तिघं हसत बसलेले बघून मला वाटायचं, हेच खरं असतं तर काय बिघडलं असतं? मग माझाच मला राग यायचा.

त्याच मुक्कामात गणपती आले. आमच्या मंडळाचा गणपती एका शाळेच्या हॉलमध्ये बसतो, आणि पूजेला दरवर्षी एक जोडपं बसवतात. "या वर्षी आई आल्यात, तुम्ही दोघंच बसा," सेक्रेटरी म्हणाले. नाही म्हणायला कारण सुचेना, आणि आई तर शेजारीच उभी होती. तिनं येताना आणलेली पैठणी नेसून मी पाटावर बसले. तो सिल्कच्या कुर्त्यात, खांद्यावर उपरणं. संकल्प सोडायची वेळ आली तेव्हा गुरुजी म्हणाले, "वहिनी, यजमानांच्या हाताला हात लावा."

पूजा नवरा करतो, आणि बायकोनं त्याच्या उजव्या हाताला हात लावायचा, म्हणजे त्यातला वाटा तिलाही मिळतो अशी आपली रीत. वर्षभरात त्या माणसाला माझं बोट लागलं नव्हतं. मी हात लावला. त्याचा हात थंड होता. कुणीतरी फोटो काढला. समोर पहिल्या रांगेत आई पदरानं डोळे पुसत होती, आणि मला वाटलं, चला, निदान ही तरी आनंदात आहे. तो फोटो मंडळाच्या इंटरनेटवरच्या पानावर चढला, आणि खाली पन्नासेक लोकांनी लिहिलं, लक्ष्मीनारायणाचा जोडा, दृष्ट काढा वगैरे.

ऑक्टोबरात आईला आम्ही विमानतळावर सोडलं. आमच्या घरी मला आणि मुलीला उतरवून तो तसाच हेन्डरसनला गेला. त्याच्या बॅगा आधीच डिकीत होत्या.

यानंतर दोन वर्षांनी टॅक्स ऑफिसचं पत्र आलं की तुमच्या वैवाहिक स्थितीची तपासणी चालू आहे, अमुक कागद पाठवा. कुणी चुगली केली की त्यांच्या कॉम्प्युटरनं पकडलं, देव जाणे. मी आपली भोळ्या मनानं सगळे कागद पाठवले, कारण मला लपवण्यासारखं त्यांच्यापासून काहीच नव्हतं. महिना-दीड महिन्यानं निकाल आला. पायात स्लिपर, हातात कचऱ्याचा डबा, अशी लेटरबॉक्सपाशी उभी राहून मी तो वाचला. तुम्ही सबंध काळ नवऱ्याबरोबर संसार करत होता. त्यामुळे त्याचा पगार धरायला हवा होता. तो धरला तर तुम्हाला एक सेंटही मिळायला नको होता. सबब तीन वर्षांत दिलेले तेवीस हजार डॉलर परत करा, वर दंड लागू होऊ शकतो. एकदा वाटलं हे दुसऱ्याच कुणाचं पत्र आहे. पाकिटावरचं नाव परत वाचलं. माझंच होतं.

तेवीस हजार! माझ्याकडे तेव्हा बँकेत सहाशे होते.

त्यांच्या हेन्डरसनच्या ऑफिसात मला भेटीची वेळ मिळाली. मी कडाकडा भांडायच्या तयारीनंच गेले होते. पण समोर आली ती पन्नाशीची एक बाई, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. "किया ओरा" असा इथला नमस्कार करून हसली, पाण्याचा ग्लास पुढे केला. वाईट माणूस नव्हती, तेच जास्त लागलं. वाईट असती तर भांडता तरी आलं असतं. तिनं फाइल उघडली आणि एकेक कागद माझ्यापुढे ठेवत गेली. भाडेकरार. विजेची बिलं. जॉइंट खातं. इमिग्रेशनकडून मागवलेलं व्हिसाचं पत्र, "माझे पती आणि मी एकत्र राहतो," खाली माझी सही. आणि शेवटी तो गणपतीचा फोटो, रंगीत छापलेला.

"हा तुमचा नवरा?"

"हो."

"आणि तुम्ही त्याचा हात धरलाय."

"धरला नाही. नुसता लावलाय."

तिला ते कळेना. मग मी तिला संकल्प म्हणजे काय, यजमान म्हणजे काय, बायकोनं हात का लावायचा, सगळं माझ्या इंग्रजीत समजावून सांगितलं. ती लक्ष देऊन ऐकत होती, मध्ये मध्ये लिहूनही घेत होती. "म्हणजे हा विधी फक्त नवरा-बायकोनं करायचा?"

"हो."

"तुम्ही एकत्र नसता, तर बसता आलं असतं?"

"नसतं," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता लक्षात आलं की मी स्वतःच्या हातानं खड्डा खणतेय.

"मग तुम्ही तुमच्या देवासमोर सांगितलंत की तुम्ही एकत्र आहात." टोमणा नव्हता तो. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. पण माझं डोकंच फिरलं. "आमच्या देवाला सगळं ठाऊक असतं," मी जोरात म्हटलं. "त्याला फॉर्म भरून द्यावा लागत नाही!" शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. त्या बाईनं चष्मा काढून फाइलवर ठेवला आणि मला पाणी प्यायला सांगितलं.

पाणी पिऊन मी सांगितलं की तो तेवढे अकरा आठवडेच परत राहायला आला होता, एरवी नाही. मग ती जे बोलली ते अजून माझ्या कानात आहे. ती म्हणाली, "माझा तुमच्यावर विश्वास नाही असं नाही. पण माझ्यापुढे जे कागद आहेत ते सगळे एकच सांगतात. नवऱ्याचं पत्र चालेल, पण एकट्या त्याच्या शब्दावर निकाल फिरत नाही. सगळं अडलंय ते त्या अकरा आठवड्यांवर. तेव्हा घरात राहिलेल्या कुणी नोटरीपुढे शपथेवर लिहून दिलं, की तो तेवढ्यापुरताच आला होता आणि तुम्ही नवरा-बायकोसारखे राहत नव्हतात, तर मी प्रकरण पुन्हा वर पाठवते. त्या वेळी घरात आणखी कोण होतं?"

"माझी आई."

"मग प्रश्नच नाही."

"तिला माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

"काहीच."

तिनं चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाली, "एक महिना देते."

नवऱ्यानं चार ओळी लिहून दिल्या, सरळ आणि खऱ्या. पण हेन्डरसनची खोली त्यानं रोख भाड्यानं घेतलेली, त्याचा करार नाही की पावती नाही. बाकी कुणाकडे जायचं? मंडळातल्या बायका, घरमालक, शेजारी, सगळ्यांनी अगदी देवाची शपथ घेऊन सांगितलं असतं की हिचा नवरा हिच्याबरोबरच राहतो, प्रोजेक्टवर जाऊन येऊन असतो. त्यांतलं कुणीही खोटं बोललं नसतं. इतकं चोख काम मी आयुष्यात दुसरं कुठलं केलं नव्हतं. मुलगी एक दिवस जेवता जेवता म्हणाली, "आय कॅन टेल देम, मम. आय न्यू." आठ-नऊ वर्षांची. एकदा तिला खोटं बोलायला बसवलं होतं, आता खरं बोलायला त्या ऑफिसात न्यायची माझी छाती होईना. गप्प जेव म्हटलं.

राहिली आई. तीन आठवडे मी रोज ठरवायचे आणि रोज टाळायचे. बहिणीचं लग्न कधीच झालं होतं, बाळ चालायला लागलं होतं, लपवायचं कारणसुद्धा उरलं नव्हतं. पण मला वाटायचं, ती कोसळेल. ते अकरा आठवडे म्हणजे तिचं सुख होतं, दर फोनला त्यांच्याच आठवणी काढायची. तेवीस हजारांसाठी ते तिच्याकडून काढून घ्यायचं? मग बँकेचं ॲप उघडून बघितलं की वाटायचं, घ्यायचंच.

सुट्टीच्या दिवशी दुपारी फोन लावला. पुण्यात सकाळ होती, ती भाजी निवडत होती. मी म्हटलं, आई, हातातलं ठेव. आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. तो कधी गेला, का गेला, तू आलीस तेव्हा त्याला बोलावून आणला होता, गादी, कपाट, सगळं. बोलून झाल्यावर मला रडू फुटलं.

ती म्हणाली, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"मी आले ना, त्या पहिल्या दिवशीच कळलं. जावईबापू बाथरूममध्ये गेले आणि दिव्याचं बटण चाचपत बसले. ते आता आत नाही, गेल्या वर्षात बदलून बाहेर बसवलंय, हे मला तासाभरात कळलं होतं. आणि तुम्ही दोघं किती गोड बोलत होतात गं! नवरा-बायको कधी इतकं गोड बोलतात का?"

मी भिंतीला टेकून खाली बसले. "मग बोलली का नाहीस?"

"तू बोलली नाहीस म्हणून. तुला झाकायचंय हे दिसत होतं मला. मी कशाला उघडू?"

"पूजेच्या वेळी तू रडत होतीस..."

"मग काय नाचू?" ती एकदम तापली. "पोटची पोर त्याच्या हाताला हात लावून बसलेली बघत होते मी."

मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. राग आला, लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर हलकंही वाटलं. म्हणजे आता सगळं सोपं होतं. तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. मी डोळे पुसले आणि तिला टॅक्स ऑफिसचं सांगितलं, किती पैसे ते सांगितलं, आणि म्हटलं, एवढंच एका पानावर लिही आणि नोटरीपुढे सही कर, इंग्रजी मी पाठवते.

"ते नाही व्हायचं," आई म्हणाली.

मला वाटलं तिला कळलं नाही. परत सांगितलं.

"कळलं मला. कागद करून देणार नाही."

"अगं, पण खोटं नाही लिहायचं! जे पाहिलंस तेच."

"म्हणूनच. तोंडानं बोललेलं वाऱ्यावर जातं. कागद राहतो. उद्या तुझ्या बहिणीच्या सासरी कळलं, तर मी म्हणेन, मला काय ठाऊक, परदेशातल्या गोष्टी. पण माझीच सही असली तर काय म्हणू? आईनंच लेकीला टाकलेली म्हणून लिहून दिलं, म्हणतील."

"इथल्या टॅक्स ऑफिसची फाइल पुण्यात कोण वाचणार आहे?"

"ते मला सांगू नकोस. नोटरी कुठं बसतो? इथंच ना?"

"दुसऱ्या टोकाला जाऊन कर. हडपसरला कर. रिक्षाचे पैसे मी देते!"

"प्रश्न रिक्षाचा नाही, आणि तुला ते चांगलं कळतंय." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "हे बघ, पैशाचं म्हणशील तर मी देते. माझ्या पाटल्या आहेत, गोठ आहेत, ते मोडते. थोडी ठेव आहे. तुझं सगळं नाही फिटणार, पण निम्मं तरी फिटेल. ते माग. सही मागू नकोस."

त्या क्षणी मी तिच्यावर ओरडले. जन्मात कधी ओरडले नव्हते. म्हटलं, तुला सोनं विकणं चालेल, पण तुझी मुलगी खरं बोलतेय एवढं सांगणं चालत नाही? एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, तू मला या खोट्यात एकटीला ठेवलंस, आणि मी समजत होते की मी तुला वाचवतेय! ती म्हणाली, "मुलीला ताप होता म्हणालीस परवा, उतरला का?" मी फोन ठेवला.

सोनं मी घेतलं नाही. नवऱ्याकडेही मागितलं नाही, तो त्याचं अर्धं भाडं देत होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. चूक कुणाची म्हणून ओरडावं तर सगळी आपलीच माणसं, आणि पहिली सही तर माझी.

महिना संपला त्या दिवशी ठरल्याप्रमाणे त्या बाईचा फोन आला. मी दवाखान्यात होते, मागच्या खोलीत जाऊन घेतला. आईचं पत्र मिळालं का, तिनं विचारलं. मिळालं नाही आणि मिळणारही नाही, मी म्हटलं.

ती म्हणाली, "पत्र नसलं तरी मला एवढं सांगा. तुमच्या आईनं घरात काही पाहिलं होतं का? तिला काही माहीत होतं का? होतं असं तुम्ही म्हणालात, तर मी स्वतः तिला फोन करेन. दुभाषी लावून बोलेन. सहीची गरजसुद्धा पडणार नाही कदाचित."

तेवढं बोलायचं होतं. हो म्हणायचं होतं. आणि माझ्या डोळ्यांपुढे आली ती माझी आई. पुण्यात, ओट्यापाशी, कानाला फोन लावून उभी, आणि कुणी परका माणूस तिला मराठीत विचारतोय की बाई, जावई पलंगावर झोपायचे की खाली. आणि ही ऑकलंडची बाई तिच्या नावापुढे लिहितेय की हिनं सगळं पाहिलं आणि गप्प बसली.

"नाही," मी म्हटलं. "तिला काही माहीत नव्हतं. तिला अजूनही वाटतं आम्ही एकत्र आहोत."

पलीकडून टायपिंगचा आवाज आला. ती ते लिहून घेत होती. "आय ॲम सॉरी," ती म्हणाली, आणि ते मनापासून होतं. मग तिनं विचारलं, हप्ता आठवड्याला साठ डॉलर चालेल की पन्नास?

मी म्हटलं, पन्नास.